आकार आणि रंग यांची फारकत

घनवादी चित्रासमोर उभा राहिलेला प्रेक्षक पहिली तक्रार करतो ती आकारांच्या मोडतोडीची; व्हायोलिनची मान एकीकडे आणि धड दुसरीकडे का, पेल्याचा काठ वाटोळा असून बूड मात्र सपाट का, टेबल त्यावरच्या वस्तू घरंगळून पडतील इतके पुढे का कलंडले आहे, असे त्याचे प्रश्न असतात आणि ते रास्तही असतात. परंतु याहून खोल जाणारा एक प्रश्न आहे आणि तो फार थोड्यांच्या मनात येतो : या चित्रांतला रंग कोठे गेला? ज्या जॉर्ज ब्राकने १९०६ आणि १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्समधील लेस्ताक या गावी नारिंगी, जांभळ्या आणि गुलाबी रंगांची मनसोक्त उधळण केली होती, त्याच ब्राकच्या फलकावर अवघ्या दोन-तीन वर्षांत माती, राख आणि पाटीचा दगड यांचे रंग तेवढे उरावेत, आणि तेही कोणाच्या सक्तीवाचून, ही गोष्ट साधी नाही. रंगाची ही हद्दपारी का झाली, आणि काही वर्षांनी तो परतला तेव्हा कोणत्या हक्काने परतला, हे ध्यानी घेतल्यावाचून घनवादी वस्तुचित्राचे मर्म हाती लागत नाही, असे माझे मत आहे.

या चित्रकारांनी आपल्या प्रयोगांसाठी वस्तुचित्रच का निवडले, हे आधी सांगितले पाहिजे. फ्रान्सच्या राजाश्रयी कला-अकादमीत सतराव्या शतकापासून चित्रविषयांची उतरंड ठरलेली होती. आंद्रे फेलिबियँ याने १६६७ च्या सुमारास जी मांडणी केली तिच्यात इतिहास-पुराणांतील प्रसंग सर्वांत वर आणि फळे, फुले, भांडी अगदी तळाशी, असा दर्जा लावून दिला होता. शार्दँ या चित्रकाराने अठराव्या शतकात तांब्याची भांडी आणि पाण्याचा पेला यांतून केवढी गंभीर कला निर्माण होऊ शकते हे दाखवून दिले, तरी दफ्तरातील ही नोंद काही बदलली नाही. घनवाद्यांना मात्र ही तळची पायरीच हवी होती. कारण बाटली, पेला, चिलीम, पत्ते, वृत्तपत्र, गिटार अशा पॅरिसमधील माँमार्त्रच्या कोणत्याही कॅफेत टेबलावर सापडणाऱ्या वस्तूंना कथा नसते, चेहऱ्यावरचे भाव नसतात, आणि त्यामुळे पाहणाऱ्याचे लक्ष रचनेवरून ढळत नाही. शिवाय या सर्व वस्तू हाताच्या अंतरावरच्या. डोंगर आपण नुसता पाहतो. पेला उचलतो, फिरवतो, त्याचे वजन आणि गारवा तळहाताला ठाऊक असतो. वाद्य स्पर्शाने जिवंत होते, असे ब्राक उत्तरायुष्यात सांगत असे, आणि त्याच्या चित्रांत व्हायोलिन व गिटार वारंवार का येतात याचे याहून चांगले स्पष्टीकरण मला ठाऊक नाही.

आता पितळेचा एक तांब्या समोर ठेवून विचार करावा. त्याचे तोंड गोल आहे हे आपल्या हाताला पक्के माहीत असते. डोळ्याला मात्र ते गोल दिसते ते केवळ बरोबर वरून वाकून पाहिल्यावर, एरवी ते कमीअधिक चपटे लंबवर्तुळच दिसत असते. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्स येथे जे यथादर्शनाचे शास्त्र सिद्ध झाले त्याने हा दावा डोळ्याच्या बाजूने निकालात काढला, आणि पाहणारा माणूस एक डोळा मिटून एका जागी निश्चल उभा आहे असे गृहीत धरून पुढची चारशे वर्षे युरोपातील चित्रकला त्या निकालाच्या अंमलाखाली चालली. रंगाच्या बाबतीतला पेच याहून अवघड आहे. पितळ पिवळे, हे आपल्याला ठाऊक असते. परंतु तांब्याची गोलाई दाखवू पाहणाऱ्या चित्रकाराला उजेडाकडची बाजू जवळजवळ पांढरी करावी लागते, सावलीकडची काळपट तपकिरी करावी लागते, आणि पितळेचा अस्सल पिवळा रंग मधल्या एका अरुंद पट्ट्यापुरता शिल्लक राहतो. त्याने तो पिवळा सर्वत्र सारखा राखायचे ठरवले तर तांब्या पुठ्ठ्यातून कापून काढल्यासारखा सपाट होतो. आकार हवा असेल तर त्याची किंमत रंगाने द्यायची आणि रंग हवा असेल तर आकाराने, असा हा व्यवहार आहे, आणि तैलरंगचित्रणाचा इतिहास एका अर्थी या व्यवहारात कोणी किती तडजोड केली याचाच इतिहास आहे.

ही तडजोड सर्वांत प्रामाणिकपणे केली ती पॉल सेझानने. सावलीसाठी रंगात काळा न मिसळता थंड रंगाशेजारी उष्ण रंगाचा तुकडा ठेवीत ठेवीत सफरचंदाची गोलाई रंगानेच उभी करायची, ही त्याची साधना. निसर्गातील आकार दंडगोल, गोल आणि शंकू यांच्या द्वारा हाताळावेत, असे त्याने एप्रिल १९०४ मध्ये एमिल बेर्नार या तरुण चित्रकाराला पत्राने कळवले होते. ऑक्टोबर १९०६ मध्ये सेझान वारला, आणि पुढच्याच वर्षी पॅरिसच्या शरद-प्रदर्शनात त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह एकत्र मांडला गेला. त्या दर्शनाचा परिणाम म्हणून ब्राकने १९०८ च्या उन्हाळ्यात लेस्ताकची घरे केवळ तिरक्या, दारेखिडक्या नसलेल्या ठोकळ्यांनी रंगवली. शरद-प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ती नाकारली, तेव्हा डॅनियल-हेन्री कानवायलर या जर्मन जन्माच्या तरुण व्यापाऱ्याने नोव्हेंबरात आपल्या व्हिन्यों रस्त्यावरील लहानशा दालनात ती मांडली, आणि लुई व्होसेल या समीक्षकाने तेथे सारे काही घनाकृतींत कोंबले आहे असा शेरा मारल्यावरून या पंथाला त्याचे नाव मिळाले. सेझानचे ऋण मान्य करूनही एक फरक नोंदवला पाहिजे. सेझानच्या हाती आकार आणि रंग यांचा संसार अखेरपर्यंत एकत्र होता. त्याच्या घनवादी वारसांनी त्यांची फारकत घडवून आणली.

ती फारकत होताना पाहायची असेल तर ब्राकने १९०९ च्या शरदात रंगवलेले आणि आज न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात असलेले ‘व्हायोलिन आणि रंगपाटी’ हे चित्र पाहावे. फलक उभा आणि निरुंद, उंची रुंदीच्या दुपटीहून अधिक. खालच्या बाजूला व्हायोलिन. तिची मान, तारा आणि ध्वनिरंध्रे ओळखू येतात, पण तिचे लाकडी अंग निरनिराळ्या बाजूंनी पाहिलेल्या छोट्या छोट्या पैलूंत फुटलेले आहे, आणि प्रत्येक पैलूची एक कड गडद व दुसरी उजळ असल्यामुळे जणू प्रत्येकावर वेगळ्या दिशेने प्रकाश पडतो आहे. मध्ये स्वरलिपीचे कागद. एका बाजूला हिरवट पडदा. बाकी सारा फलक मातकट पिवळा, करडा आणि काळपट. या पैलूंच्या कडा पुरत्या मिटलेल्या नाहीत, एक पैलू शेजारच्या पैलूत उघडतो, त्यामुळे वस्तू कोठे संपली आणि तिच्याभोवतीचे अवकाश कोठे सुरू झाले ते सांगता येत नाही. आणि या सगळ्याच्या वर, फलकाच्या माथ्याशी, ब्राकने चित्रकाराची रंगपाटी एका खिळ्याला अडकवलेली दाखवली आहे; तो खिळा जुन्या पद्धतीने, हुबेहूब, स्वतःच्या पडछायेसकट रंगवलेला आहे. खिळ्याकडे सर्वच भाष्यकारांचे लक्ष गेले आहे, कारण जुन्या यथादर्शनाचा तो एक दाखला आहे, आणि जी भाषा आपण सोडून देत आहोत ती आपल्याला उत्तम येते हे ब्राक त्यातून बजावून सांगतो. मला त्या खिळ्याहून रंगपाटी अधिक बोलकी वाटते. आकाराची चौकशी पुरी होईपर्यंत रंगाने भिंतीवर थांबावे, असाच तिचा अर्थ मी करतो.

अन् ही चौकशी सोपी नव्हती. कानवायलरने पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वित्झर्लंडमध्ये राहून घनवादावर जे पुस्तक लिहिले त्यात त्याने एक मोलाची हकिकत नोंदवून ठेवली आहे : १९१० च्या वसंतात ब्राकचा सहकारी पिकासो याने आपल्या चित्रांत रंग पुन्हा आणण्याचा वारंवार यत्न केला, आणि प्रत्येक वेळी त्याला तो रंग पुसून त्यावर दुसरा थर द्यावा लागला, फक्त वीतभर आकाराच्या एका छोट्या नग्नचित्रात भडक लाल कापडाचा एक तुकडा तेवढा टिकला. मला ही हकिकत फार हृद्य वाटते. ज्यांना आपण उद्दाम बंडखोर समजतो ते चित्रकार रंगाच्या दारात असे पुनःपुन्हा जाऊन परत येत होते. कारण बाटली हिरवी रंगवली की ती ताबडतोब एका बाजूने पाहिलेली, एका उजेडातली, नेहमीची बाटली होऊन बसते, आणि अनेक बाजूंनी तिचे जे ज्ञान महत्प्रयासाने गोळा केलेले असते ते त्या एका हिरव्यापुढे फिके पडते. तपकिरी आणि करडा हे रंग निवडले गेले ते यासाठी, की ते कोणत्याच वस्तूचे खास रंग नाहीत; छायाप्रकाशाचे काम ते बिनतक्रार करतात आणि वस्तूच्या वतीने जबानी देत नाहीत. त्यांच्यातही किती सूक्ष्म छटा आहेत, हे छापील प्रतिकृतीवरून समजत नाही. मधासारख्या पिवळसर रंगापासून रुपेरी करड्यापर्यंतचा तो सारा प्रवास लहान लहान, विटांसारख्या आडव्या फटकाऱ्यांनी साधलेला असतो.

१९११ च्या अखेरीस मात्र हा मार्ग अशा टोकाला येऊन ठेपला की पैलूंच्या गर्दीत वस्तूच हरवली, आणि ज्या वस्तूच्या संपूर्ण ज्ञानासाठी हा खटाटोप मांडला होता तिचा पत्ता लागेनासा झाला. येथे ब्राकचे घराणे त्याच्या मदतीला आले. त्याचे वडील आणि आजोबा रंगकामाचा व्यवसाय करणारे. ल आव्र येथे वडिलांच्या हाताखाली तो स्वतः हे काम शिकला होता, आणि साध्या भिंतीवर संगमरवराचा भास कसा आणावा, ओल्या रंगावरून पोलादी फणी फिरवून ओक लाकडाच्या रेषा कशा उठवाव्यात, पत्र्याच्या साच्यातून दुकानाच्या पाटीची अक्षरे कशी छापावीत, हे सारे त्याच्या बोटांत होते. कलाशाळेत ज्या कसबाला कोणी दारातही उभे केले नसते ते त्याने चित्रात आणले. प्रथम साच्याची अक्षरे आली. अक्षराला खोली नसते, ते फलकाच्या पृष्ठभागावर सपाट राहते, आणि त्यामुळे त्याच्या मागचे अवकाश किती खोल आहे हे आपोआप मोजले जाते. मग फणी आली, आणि ती पिकासोनेही उचलली. मे १९१२ मध्ये पिकासोने हातभरही लांब नसलेल्या एका लंबगोल फलकावर वेताने विणलेल्या खुर्चीची नक्षी छापलेल्या मेणकापडाचा तुकडा डकवला, शेजारी पेला, चिलीम आणि वृत्तपत्राच्या नावाची पहिली तीन अक्षरे रंगवली, आणि चौकटीऐवजी भोवती खराखुरा दोर गुंडाळला.

परंतु रंगाच्या दृष्टीने निर्णायक घटना घडली ती त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, आव्हिन्योंजवळच्या सोर्ग या गावी. आव्हिन्योंच्या एका दुकानात ब्राकला ओक लाकडाची नक्षी छापलेला, भिंतीवर चिकटवायचा कागद दिसला. पिकासो पॅरिसला गेलेला असताना त्याने तो विकत आणला आणि ‘फळांचे तबक आणि पेला’ हे चित्र केले. पांढऱ्या कागदावर कोळशाने रेखाटलेले तबक, त्यात द्राक्षे, बाजूला पेला. वर दोन ठिकाणी त्या लाकडी नक्षीच्या कागदाचे पट्टे, ते कॅफेच्या भिंतीवरील लाकडी फळ्यांच्या जागी. खाली आणखी एक पट्टा, आणि त्यावर कोळशाने काढलेली खणाची मूठ, म्हणजे तो झाला टेबलाचा खण. आता हे नीट पाहावे. लाकडाचा तपकिरी रंग येथे कागदाच्या कापलेल्या कडेपाशी सुरू होतो आणि कापलेल्या कडेपाशीच संपतो. कोळशाच्या रेषा मात्र त्या कडेची पर्वा न करता पट्ट्यावरून पलीकडे जातात. रंगाची हद्द वेगळी आणि आकाराची हद्द वेगळी, दोन्ही एकाच फलकावर, आणि तरी पाहणाऱ्याचे मन ‘हे लाकूड’ आणि ‘हा खण’ या दोन खबरी क्षणार्धात एकत्र करते. रंगाला गोलाई दाखवायची नाही, उजेडात पांढरे आणि सावलीत काळे व्हायचे नाही; त्याने आपल्या जागी सपाट, अखंड, पूर्ण सामर्थ्याने राहावे आणि वस्तूचा द्रव्यगुण सांगावा, आकाराचे काय ते रेषा पाहून घेईल. रंग आकारापासून स्वतंत्र आहे आणि तो आकाराबरोबर एकाच वेळी काम करू शकतो, याचा शोध आपल्याला या चिकटवलेल्या कागदांमुळे लागला, अशा आशयाची साक्ष ब्राकने स्वतःच पुढे दिली आहे. तांब्याच्या उदाहरणात जो पेच आपण पाहिला त्याची सोडवणूक झाली ती अशी, काही पैशांच्या छापील कागदाने.

या सोडवणुकीतून जे मिळाले त्याचा सर्वांत समृद्ध उपभोग घेतला तो ह्वान ग्रिस याने. ब्राक आणि पिकासो यांच्या प्रखर प्रभेमुळे त्याच्याकडे सामान्य वाचकाचे दुर्लक्ष होते, आणि ते मला अन्यायाचे वाटते. ग्रिसचा जन्म १८८७ चा, माद्रिदचा. त्याचे खरे नाव होसे व्हिक्तोरियानो गोन्सालेस. तांत्रिक शिक्षण देणाऱ्या शाळेत तो शिकला, १९०६ मध्ये पॅरिसला आला, रव्हिन्यों चौकातल्या बातो-लाव्हार नावाच्या मोडकळीस आलेल्या लाकडी इमारतीत, जेथे पिकासोही राहत असे, त्याने बिऱ्हाड केले, आणि कित्येक वर्षे नियतकालिकांसाठी विनोदी चित्रे काढून पोट भरले. तो चित्रकार म्हणून पुढे आला तेव्हा घनवादाचे व्याकरण तयार होते. त्याने त्यात रंग आणला, आणि तो भीतभीत आणला नाही.

फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयात त्याचे १९१५ चे ‘उघड्या खिडकीपुढील वस्तुचित्र, रव्हिन्यों चौक’ हे मोठे तैलरंगचित्र आहे. सुमारे ११६ सेंटिमीटर उंच आणि ८९ सेंटिमीटर रुंद. वरच्या भागात खिडकीबाहेरचा चौक : झाडे, समोरच्या घरांच्या झडपा, सज्जाचा लोखंडी कठडा, आणि या साऱ्यांवर पसरलेला गाढ निळा रंग. खालच्या भागात टेबल, त्यावर काचेची सुरई, पेला, फळांचे तबक, ‘ल जुर्नाल’ हे वृत्तपत्र आणि मेदोक मद्याच्या बाटलीवरची अक्षरे. घनवादी वस्तुचित्र तोवर बहुधा बंद खोलीत नांदत होते. ग्रिसने खिडकी उघडली, आणि बाहेरचे दूरचे दृश्य व आतले हाताशी असलेले टेबल यांना एकाच रचनेत बसवण्याची अवघड जबाबदारी स्वीकारली.

ही जबाबदारी त्याने पार पाडली आहे ती मुख्यतः रंगाच्या बळावर. टेबल आणि त्याभोवतीचे अवकाश मोठमोठ्या तिरप्या चौकोनांत कापलेले आहे, आणि हे चौकोन वस्तूंच्या कडा पाळत नाहीत; एकच वस्तू दोन-तीन चौकोनांतून जाते, आणि चौकोन बदलला की तिचा रंगही बदलतो. एका चौकोनात ती आपल्या नेहमीच्या रंगात असते, शेजारच्या गडद चौकोनात तिचा नुसता रेखाकार उरतो, तिसऱ्यात तिच्यावर बाहेरच्या निळ्याची छाया येते. निळा रंग डोळ्याला मागे सरलेला भासतो आणि पिवळा-नारिंगी पुढे आलेला, हे सर्व चित्रकारांना ठाऊक असते. यथादर्शनाच्या रेषांनी जे अंतर दाखवले असते ते ग्रिसने या उष्ण-शीत विरोधावर सोपवले. परंतु तेवढ्यावर तो थांबत नाही. बाहेरचा निळा तो सज्जाच्या कठड्यापाशी अडवीत नाही, त्याचे पाट तो टेबलापर्यंत आणतो, त्यामुळे मागे सरणारा रंग पुढच्या वस्तूंत मिसळतो आणि आत-बाहेर ही विभागणीच डळमळते. हा प्रकाश कशाचा? संधिकाळचा, चंद्राचा की दिव्याचा, हे ठरवता येत नाही, आणि एका मूळ स्रोताचा शोध घेणे येथे व्यर्थच आहे. प्रत्येक चौकोन स्वतःचा प्रकाश स्वतःच्या रंगात घेऊन आलेला आहे. आणि एवढी उलथापालथ होऊनही सुरई सुरई म्हणून ओळखू येते, वृत्तपत्राचे नाव वाचता येते. १९११ मध्ये वस्तू हरवली होती. येथे ती परत मिळाली आहे.

या चित्रामागचा काळ मात्र बिकट होता. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटले, ब्राक सैन्यात दाखल झाला आणि मे १९१५ मध्ये डोक्याला गंभीर जखम होऊन पडला. कानवायलर जर्मन नागरिक ठरल्यामुळे फ्रेंच सरकारने त्याच्या दालनातील सर्व माल जप्त केला, आणि त्याच्याकडून ग्रिसला मिळणारे नियमित उत्पन्न बंद पडले. तो तटस्थ स्पेनचा प्रजाजन, त्यामुळे लष्करी सेवेतून सुटला तरी दारिद्र्यातून सुटला नाही. जप्त झालेली चित्रे पुढे १९२१ ते १९२३ या काळात पॅरिसच्या ओतेल द्रुओ या लिलावगृहात चार खेपांना सरकारी लिलावाने विकली गेली, आणि आज ज्यांच्यासाठी संग्रहालये झगडतात त्या फलकांना तेव्हा मातीमोल भाव आला. घनवादाच्या इतिहासातली ही मोठी दुःखद नोंद आहे.

१९२१ मध्येच ‘लेस्प्री नूव्हो’ या नियतकालिकात ग्रिसने आपली पद्धत सांगितली. सेझान बाटलीपासून निघून दंडगोलापर्यंत जातो, आपण दंडगोलापासून निघून एका विशिष्ट बाटलीपर्यंत येतो, असा तिचा सारांश. आणि त्याच ओघात तो सांगतो की फलकावर आधी पांढरा आणि काळा यांची मांडणी करावी, मग पांढऱ्याला कागद होऊ द्यावे आणि काळ्याला सावली. म्हणजे रंग वस्तूकडून घ्यायचा नाही. रंग आधी आपल्या जागी बसतो आणि वस्तू त्याच्याकडे चालत येते. रंगाच्या परतीचा हक्क तो हाच. १९२४ मध्ये सॉर्बोन विद्यापीठात दिलेल्या व्याख्यानातही त्याने चित्राची सपाट, रंगीत वास्तुरचना आधी आणि वस्तू नंतर, हाच क्रम मांडला.

आपल्याकडे हा विचार पोहोचला तो दूरच्या वळणाने. बडोद्याच्या कलाशाळेत १९५० पासून शिकवणाऱ्या नारायण श्रीधर बेंद्रे यांनी घनवादी पैलूंचा स्वीकार केला, आणि त्यांच्या ‘काटा’ या चित्राला १९५५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पायातला काटा काढण्याचा तो प्रसंग अस्सल इथल्या मातीतला. बेंद्रे मुळातच रंगाचे चित्रकार असल्यामुळे पॅरिसमधली ती मातकट तपश्चर्या त्यांना करावी लागली नाही, परंतु तिचे फळ त्यांना आयते मिळाले, हे विसरता कामा नये.

ग्रिस १९२७ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, पॅरिसजवळ वारला. त्याच्या अखेरच्या वर्षांतील चित्रांत गिटारची कमर, डोंगराची कड आणि टेबलावरच्या कापडाची घडी एकाच लयीत वाहतात, रंग सौम्य होतात, आणि अनेक जाणकारांना हीच त्याची परिपक्व अवस्था वाटते. मला तसे वाटत नाही. तेथे आकार आणि रंग यांचे पुन्हा इतके सख्य जुळले आहे की एकाची दुसऱ्याला अडचणच होत नाही, आणि अडचण नाहीशी झाल्याबरोबर चित्राचा ताणही सैल पडतो. १९१५ च्या खिडकीत निळा रंग टेबलावर घुसतो तेव्हा सुरईला स्वतःची कड राखण्यासाठी झटावे लागते. घनवाद प्रथमच पाहणाऱ्याने आरंभ करावा तो या चित्रापासून, आणि आधी सुरई न शोधता तो निळा कोठे कोठे गेला आहे ते पाहावे.